सुमोची चोपडी

दिवाळीनंतर चार दिवस सुरतेला ताईकडे जाऊन आलो. सुरतेहून परतणारा माणूस घारी आणतो, नानखटाई आणतो, बायकोने सांगितलेली साडी आणतो. मीही ते सगळे आणले. पण गेलो होतो एका कामगिरीवर. भाच्याचा पुण्याहून फोन आला होता, "मामा, बाबा माझे ऐकत नाहीत. तू तरी त्यांना सांग, ती सुमो आता भंगारात काढा म्हणून." ताईने मागून फोन हिसकावून घेतल्यासारखे तेच वाक्य दुसऱ्या दिवशी मला ऐकवले. म्हणजे घरात ठराव मंजूर होता, फक्त भावोजींची सही राहिली होती आणि ती आणण्याचे काम माझ्याकडे आले होते.

भावोजींनी मला बसवले, चहा दिला आणि काही न बोलता एक जाडजूड वही पुढ्यात ठेवली. वहीवर बॉलपेनने 'सुमो' लिहिलेले आणि कोपऱ्यात हळदीकुंकवाचे डाग. सुरतेचे व्यापारी दिवाळीला चोपडापूजन करतात, म्हणजे हिशेबाच्या वह्यांची पूजा. भावोजी काही व्यापारी नव्हेत. मूळचे सावंतवाडीचे, १९८७ साली नोकरीसाठी सुरतेला गेले आणि निवृत्त होईपर्यंत कापडाच्या रंगाई-छपाईच्या एका कारखान्यात राहिले. तरी दर दिवाळीला ही वही देवापुढे ठेवतात. "तू आधी हे वाच," म्हणाले, "मग काय ते सांग."

वाचायला बसलो खरा, पण त्याआधी गाडीविषयी दोन शब्द.

सुमो बाजारात आली १९९४ साली. तेव्हा अनेकांना वाटायचे, गाडी अशी पैलवानासारखी धिप्पाड म्हणून जपानी मल्लांचे नाव दिले असावे. तसे नाही. टेल्कोला (आजची टाटा मोटर्स) ज्यांनी उभे केले त्या सुमंत मुळगावकरांच्या नावातले 'सु' आणि आडनावातले 'मु', त्याची झाली सुमो. मुळगावकर १९८९ साली वारले, त्यांनी ही गाडी पाहिली नाही. आमच्या डिचोली तालुक्यात मुळगाव आहे, माझ्या घरापासून फार लांब नाही. त्यामुळे ही हकीकत कळल्यापासून आमच्या घरात त्या गाडीविषयी एक फुकटचा अभिमान होता, जणू आमच्याच आवाठातल्या कुणीतरी ती केली आहे! मुळगावकरांची एक गोष्ट सांगितली जाते. ईमेलमधून ती पुष्कळ फिरली. दुपारच्या जेवणाला ते कारखान्यातून गायब व्हायचे. लोकांना वाटले, मोठ्या हॉटेलात जात असतील. पाठलाग केला तर हे हमरस्त्यावरच्या ढाब्यावर ट्रक ड्रायव्हरांसोबत जेवत बसलेले, गाडीत काय चांगले, काय वाईट हे विचारत. खरी असो वा रचलेली, गोष्ट मला आवडते. गाडीचे खरे प्रमाणपत्र ढाब्यावर मिळते.

भावोजींना गाडी हवीशी वाटली त्याचे कारण मात्र मुळगावकर नव्हेत, प्लेग. सुमो आली त्याच वर्षी, सप्टेंबर १९९४ मध्ये, सुरतेत प्लेगची बातमी पसरली आणि लाखो माणसे शहर सोडून पळाली. ताई, भावोजी, कडेवर भाचा आणि म्हाताऱ्या सासूबाई स्टेशनवर रात्रभर उभी होती. गाडीत शिरता येईना. खिडकीतून आधी मूल आत दिले, मग ताई, आणि म्हातारीला शेवटी दोन अनोळखी पोरांनी उचलून घातले. मुंबईहून पुढे एसटी. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला अजून चार वर्षे होती. सावंतवाडीला पोचेपर्यंत म्हातारी तापाने फणफणली होती (प्लेग नव्हता, नुसता थकवा होता), आणि गावातले लोक अंगणात यायला तयार नव्हते. भावोजी तेव्हा म्हणाले होते, "स्वतःची गाडी असती तर..." ते वाक्य त्यांनी कधीच पुरे केले नाही. पण २००० साली रिंग रोडवरच्या एका साडीवाल्याने तीन वर्षे वापरलेली सुमो विकायला काढली तेव्हा त्यांनी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढले. घरात माणसे चार, गाडी दहा जणांची. पुढे दोन, मध्ये तीन, मागे समोरासमोरच्या बाकांवर बाकीची दाटीवाटीने. लोक हसले. भावोजींना हसू आले नाही, ते डोकी मोजत होते.

वहीचे पहिले पान असे आहे: गाडीच्या मागच्या भागात साड्यांच्या गाठोड्यांचे दोरे, एक कात्री, गणपतीचा फोटो. फोटो ठेवला. त्याखाली: ऑइल, फिल्टर, मागचे पाटे बसलेले, एक पान तुटलेले. साडीवाल्याने तिला माणसांपेक्षा मालच जास्त वाहायला लावला होता.

आणि मग पाने उलटत जावे तसा एका यंत्राच्या म्हातारपणाचा सगळा इतिहास. क्लच प्लेट. टाय रॉड. बुश. हीटर प्लग चारही बदलले. सायलेन्सर वेल्डिंग. मागच्या चाकावरचा पत्रा कुजला, पत्राकाम. (सुरतेची हवा समुद्राकडची, पत्र्याला ती मानवत नाही. आपल्या गोव्यात काय होते ते आपल्याला ठाऊकच आहे.) काच वर-खाली करायचे हँडल, पुन्हा हँडल, पुन्हा हँडल. मधेच एखादी नोंद डायरीसारखी: "आज डुमसला गेलो. भजी खाल्ली. गाडी ठीक." एके ठिकाणी नुसते, "काही नाही." मी विचारले, हे काय? म्हणाले, "महिनाभर एक पैसा लागला नाही, तेही लिहायला नको?"

मेकॅनिक एकच, पंचवीस वर्षे. उधन्याच्या बाजूला त्याचे गॅरेज आहे. वडील होते तेव्हा वडील, आता मुलगा. भावोजी वडिलांना चाचा म्हणत, मुलगा भावोजींना काका म्हणतो. तिथे जाऊन बसणे हा माझ्याही सुरतवारीतला एक आवडता कार्यक्रम. सुरतेत मराठी माणसे पुष्कळ, त्यातही खानदेशातली. लिंबायत, उधना, डिंडोलीत गेलात तर अहिराणी कानावर पडते. त्यामुळे गॅरेजच्या बाकावर नंदुरबार-जळगावकडचे कोणी ना कोणी भेटतेच. महाराजांनी १६६४ आणि १६७० अशी दोनदा सुरत लुटली, त्याची वसुली आता स्पेअर पार्टच्या दुकानात चालू आहे, हा तिथला जुना विनोद. सांगणारा गुजराती, हसणारे मराठी.

या बाकावर मी सुमोवाल्यांच्या दोन परस्परविरोधी साक्षी ऐकल्या आहेत. नंदुरबारचा एक वडापवाला होता. त्याने गाडीत दहाच्या जागी चौदा-पंधरा माणसे भरली, इंजिनाचे बोअर दोनदा करून घेतले, आणि तिला तो 'माय' म्हणायचा. उलट डिंडोलीच्या एका शिक्षकांनी हौसेने घेतलेली जुनी सुमो दोन वर्षांत विकली. त्यांचे म्हणणे, "पगारदाराने म्हातारी गाडी ठेवू नये. ती बिघडत नाही हो, ती सारखी काहीतरी मागत राहते." मला दोघांचेही पटते. वडापवाल्याची गाडी रोज पैसे आणत होती, मागितले तर देणे त्याला जड नव्हते. मास्तरांची दारात उभी राहून मागत होती.

भावोजींच्या बाजूने एक गोष्ट मात्र होती, जी त्यांनी मला आकृती काढून समजावली. गाडीचे इंजिन १९४८ सीसीचे साधे डिझेल. तेच टाटा मोबाइल पिकअपला, तेच सिएराला, तेच इस्टेटला. ताकद बेताची, चढावर दम लागतो, पण आत संगणक नाही, सेन्सर नाही. इंधनाचा पंपही यांत्रिक. महाड असो की मालेगाव, रस्त्याकडेच्या कुणालाही ते उघडता येते. "न बिघडणारी गाडी आणि भरवशाची गाडी या दोन वेगळ्या गोष्टी," असे ते म्हणायचे. मला हे वाक्य पाठ होते, इतक्या वेळा ऐकले होते.

वहीत ऑगस्ट २००६ चे पान कोरे आहे. कोरे म्हणजे लिहिलेले नाही एवढेच, कारण त्या पानावर आणि पुढच्या सात-आठ पानांवर तापीच्या गाळाची तपकिरी नक्षी आहे. वही गाडीच्या खणात होती.

७ ऑगस्टला उकाई धरणातून सोडलेले पाणी सुरतेत शिरले. शहराचा बहुतेक भाग बुडाला. अडाजणला ताईच्या इमारतीचा तळमजला पूर्ण पाण्याखाली गेला. ही मंडळी दुसऱ्या मजल्यावर, ना वीज, ना पिण्याचे पाणी, आणि खाली सुमो. दहा डोक्यांना वाचवायला घेतलेली गाडी टपापर्यंत पाण्यात, आणि डोकी वर गच्चीत. ताई नंतर म्हणाली, तीन दिवस ते जिन्यात उभे राहून खाली बघत असायचे. एकदा टपावरचे कॅरिअर दिसले तेव्हा तेवढे बोलले, "उतरतेय."

रेल्वे सुरू झाल्यावर मी पोचलो. तो वास मी जन्मात विसरणार नाही. गाळ, सडलेले धान्य, भिजलेल्या कापडाच्या गाठी. शेजारी एकाची नवीकोरी पेट्रोल गाडी होती. बिचाऱ्याने पाणी ओसरताच घाईने किल्ली मारली. सिलिंडरात पाणी होते. पाणी दबत नाही, मग वाकतो तो आतला लोखंडी दांडा. 'टक्' असा एक आवाज आला आणि संपले. विमेवाल्यांनी ती उचलून नेली. भावोजींनी मात्र चाचांना निरोप धाडला होता, आणि चाचा चिखलातून चालत येऊन पहिले वाक्य बोलले ते गुजरातीत, "काका, चावीने अडशो नहीं." किल्लीला हात लावू नका.

नंतरचे पंधरा दिवस मी गाडी म्हणजे काय ते शिकलो. आधी बॅटरी सोडवली. इंजिनाचे ऑइल काढले तर दुधाच्या चहासारखे. गिअरबॉक्सचे, मागच्या हाऊसिंगचे, सगळीकडे तोच चहा. टाकी उतरवली. चारही हीटर प्लग आणि नोझल काढले, आणि पुढच्या पुलीला पाना लावून चाचांच्या मुलाने इंजिन हाताने फिरवले. भोकांतून तापी बाहेर आली, कारंज्यासारखी. मग आत डिझेल ओतायचे, फिरवायचे, पुसायचे. पुन्हा ओतायचे. सेल्फ आणि डायनमो उघडून उन्हात. ब्रेकचे ड्रम उघडले तर आत नुसता चिखल. बाके काढून गच्चीवर वाळत घातली, त्यांतला काथ्या कधी वाळलाच नाही आणि पुढे कित्येक वर्षे पावसाळा आला की गाडीला तापीचा वास यायचा. त्या वर्षी २७ ऑगस्टला चवथ होती. लग्नानंतर पहिल्यांदाच ताई माटोळी बांधायला आली नाही. गाडी सुरू झाली नवरात्राच्या सुमारास. विमा फक्त तिसऱ्या पक्षाचा होता, म्हणजे खर्च सगळा खिशातून. तो आकडा वहीत आहे. भावोजींनी मला तो कुणाला सांगू नको म्हटले, म्हणजे ताईला.

इथपर्यंत वाचले तर कुणीही म्हणेल, गाडी ठेवा. मीही म्हणायचो. पण मे २०११ चे पान आहे ना!

त्या वर्षी आमची आई पहिल्यांदाच महिनाभर ताईकडे राहायला निघाली होती. वय पंच्याहत्तर, मधुमेह. भावोजी तिला घेऊन डिचोलीहून दोडामार्ग, बांदा करत मुंबई-गोवा रस्त्याला लागले. मीही सोबत होतो. चिपळूणला जेवताना मी गाडीखाली ओल पाहिली. भावोजी म्हणाले, रेडिएटरचा होस पाइप जरा पाझरतो, सुरतेला गेल्यावर बदलू. गेले दोन महिने ते हेच म्हणत होते. वहीत लिहिलेले आहे, "होस पाझरतो. बघू." दोनदा. हिशेब लिहिणे म्हणजे गाडीची काळजी घेणे नव्हे, हे त्या दोन 'बघू'वरून कळते.

भरणे नाका सोडून कशेडी घाट चढू लागलो तेव्हा रात्रीचे नऊ. आजच्यासारखा बोगदा तेव्हा नव्हता, सगळा घाट वळणावळणाने चढायचा. अर्ध्यात काटा लाल झाला, पुढून वाफ आली आणि इंजिनाने दम सोडला. होस फाटला होता, पाणी संपले होते, हेड गॅसकेट गेले होते. मोबाइलला रेंज नाही. वळणावर गाडी, मागे ट्रकांचे दिवे, आणि मध्ये आई, जिला वेळेवर काहीतरी खायला हवे होते. एका ट्रकवाल्याने पाणी दिले, चाकाला दगड लावले आणि मला पोलादपूरला सोडले. तिथून एका मेकॅनिकला उठवून मोटरसायकलवरून आणला. त्याने बॅटरीच्या उजेडात पाहिले आणि म्हणाला, "हे इथं व्हायचं नाही साहेब, हेड उतरवावं लागणार." म्हणजे रस्त्याकडेच्या कुणालाही उघडता येणारे इंजिन रस्त्याकडेच्या माणसाने पाहिले आणि हात टेकले.

पहाटे चारला एका रिकाम्या टेम्पोने आईला महाडला नेले. तोपर्यंत तिने दोन बिस्किटे आणि अर्धे केळे खाल्ले होते, हात थंड पडले होते. ताई एक शब्द बोलली नाही. मी मात्र बोललो. त्या घाटात भावोजींना मी जे बोललो ते इथे लिहीत नाही, पण भरवशाविषयीचे त्यांचे वाक्य मी त्यांच्याच तोंडावर फेकले एवढे सांगतो. ते उभे राहून ऐकत होते. दोनशे-अडीचशे रुपयांचा रबरी पाइप! चूक गाडीची नव्हती. चौदा वर्षांच्या गाडीने दोन महिने आधीपासून थेंबाथेंबाने सांगितले होते. पण मला वाटते, जी गाडी प्रत्येक वेळी सावरते ती मालकाला आळशी करते. पुरातून वाचलेली गाडी घाटात काय दगा देणार, असे त्यांना वाटले असणार. मलाही चिपळूणला तेच वाटले, नाहीतर मी तिथेच अडून बसलो असतो.

आई त्यानंतर पाच वर्षे जगली. सुरतेला पुन्हा गेली ती रेल्वेने. आणि ताई त्या रात्रीपासून काळोख पडल्यावर सुमोत बसत नाही, आजतागायत.

मे २०११ च्या पानावर मेकॅनिकचा खर्च, टोचनाचा खर्च, हेड फेसिंग, गॅसकेट, सगळे नेहमीसारखे लिहिले आहे. त्याखाली वेगळ्या शाईत, नंतर कधीतरी लिहिलेले एक वाक्य: "माझी चूक. आईंना त्रास." हे मी या दिवाळीला पहिल्यांदा वाचले. चौदा वर्षांनी. भावोजी तेव्हा मुद्दाम उठून आत पाणी आणायला गेले होते.

मी वही मिटली आणि तरीही भाच्याची वकिली केली, कारण मुद्दे खरे होते. २०१९ साली सुमोचे उत्पादन थांबले. इंजिनाचे सामान अजून मिळते, पण दरवाज्याचे कुलूप, डॅशबोर्डचे तुकडे भंगारबाजारातून शोधावे लागतात. गाडीला एअरबॅग नाही, एबीएस नाही, मागच्या आडव्या बाकांना पट्टे नाहीत. आपण भाच्यांना त्या बाकांवर गुडघ्याला गुडघा लावून बसवून नऊशे किलोमीटर नेत होतो, हे आज आठवले की मला घाम फुटतो. आठवणी गोड आहेत म्हणून ते बरोबर होते असे नाही. धुराचे तर बोलायलाच नको. सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये जुन्या गाड्या मोडीत काढायचे धोरण जाहीर केले, तेही गांधीनगरच्या परिषदेत, म्हणजे गुजरातच्याच साक्षीने. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणाला पूर्वी सहाशे रुपये लागत, एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाले, आणि ऑगस्ट २०२५ च्या नियमाने वीस वर्षांवरच्या मोटारीला दहा हजार. भावोजींच्या गाडीची पुढची पाळी २०२७ साली.

ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मोडीत द्यायला माझी ना नाही रे. लांबच्या प्रवासाला मी ती काढतच नाही. पण वहीतली सगळी पाने भरू देत. किती राहिलीत बघ." मी मोजली. अकरा. "दोन वर्षांत भरतील?" मी विचारले. "तिच्या तब्येतीवर आहे," म्हणाले.

मी भाच्याला फोन करून सांगितले, २०२७. तो वैतागला. ताईही वैतागली, पण तिने अकरा पाने स्वतः पुन्हा मोजून घेतली.

निघायच्या दिवशी सकाळी भावोजी म्हणाले, स्टेशनवर मी सोडतो, सुमोने. उजेड होता, तेव्हा ताईही बसली. मला त्यांनी चालवायला बसवले. पुढचे दोन्ही होस पाइप नवे कोरे काळे दिसत होते, आणि मागच्या बाकाखाली पाण्याचे पाच लिटरचे दोन डबे दोरीने बांधलेले होते. मी सवयीने किल्ली पुरती फिरवायला गेलो तर त्यांनी माझा हात धरला.

"थांब. हीटरचा दिवा विझू दे आधी."

आम्ही तिघेही त्या पिवळ्या दिव्याकडे बघत बसून राहिलो.